घास की बेणे: घानातील १९८३ चे वणवे आणि अन्नपिकांचे सावरणे

१९८२ च्या अखेरीपासून १९८३ च्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात लागलेल्या वणव्यांनी जंगल, कोकोच्या बागा आणि अन्नपिकांची शेते एकाच वेळी जाळली. उभी पिके आणि साठवलेले धान्य मिळून सुमारे ३५ टक्के अन्न नष्ट झाले, असा अंदाज या आपत्तीविषयीच्या लिखाणात वारंवार आढळतो. प्रस्तुत प्रकरणात नुकसानीच्या मोजदादीपेक्षा त्यानंतर काय घडले याचा विचार केला आहे. कोणते पीक कशाच्या बळावर पुन्हा उभे राहिले, कोणते राहू शकले नाही, आणि जमिनीखाली बरेच काही जिवंत असूनही देशाला पुढचे वर्षभर उपासमार का सोसावी लागली, हे प्रश्न उष्ण कटिबंधातील कोणत्याही जळालेल्या शेताला लागू पडणारे आहेत. घानाच्या प्रकरणात ते विशेष स्पष्टपणे दिसतात.

आगीपूर्वीचे शेत

घानाच्या दक्षिणेकडील वनपट्ट्यात पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च-एप्रिल ते जुलै हा मोठा हंगाम आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा लहान हंगाम. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सहाराकडून हरमॅटन हा कोरडा, धुळीचा वारा वाहतो आणि हवेतील ओलावा अक्षरशः शोषून घेतो. उत्तरेकडे एकाच पावसाळ्यावर जगणारा सव्हाना आहे आणि या दोहोंच्या मध्ये, तेव्हाच्या ब्रॉन्ग-आहाफो प्रांतातील वेंची आणि टेचिमानच्या आसपास, जंगल आणि गवताळ माळ एकमेकांत मिसळणारा संक्रमणपट्टा आहे.

वनपट्ट्यातील अन्नशेती मिश्र असते. एकाच शेतात मका, कसावा (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक), प्लान्टेन म्हणजे शिजवून खायची केळी, आणि अळूच्या कुळातील कोकोयाम हे कंदपीक एकत्र उभे असते. कोकोची नवी लागवड असेल तर तिला पहिली काही वर्षे याच पिकांची सावली मिळते. जमीन साफ करण्यासाठी झाडोरा तोडून, वाळवून पेटवण्याची पद्धत तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आग या शेतकऱ्याला अपरिचित नव्हती. ती कधी लावायची, वाऱ्याची दिशा कोणती असावी आणि तिला कुठे अडवायचे याचे ज्ञान त्याच्याकडे होते, आणि एरवी दाट छायेतील ओलसर कोकोची बाग किंवा जंगलाची कड हीच आगीची सीमा ठरत असे.

१९८३ मध्ये ही सीमा उरली नाही. पावसाने आधीच दगा दिला होता. पाण्याच्या ताणामुळे कोकोने आणि जंगलातील वृक्षांनी पाने टाकली, माथ्याचे छत विरळ झाले, जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर साचला आणि त्यावर थेट ऊन पडू लागले. शेत साफ करण्यासाठी, शिकार उठवण्यासाठी किंवा ताडी काढताना लावलेली छोटी आग अशा थरात शिरली की ती थांबवायला काहीच नव्हते.

याच सुमारास, जानेवारी १९८३ मध्ये, नायजेरियाने परवाना नसलेल्या परदेशी नागरिकांना देश सोडण्याचा आदेश दिला आणि सुमारे १० लाख घानावासी मायदेशी परतले. १९८४ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी २३ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे अन्नावर अचानक किती भार पडला ते कळते. वोल्टा सरोवराची पातळी घसरल्याने अकोसोंबो धरणाची वीजही तुटपुंजी झाली होती. त्या वर्षी महागाईचा दर सुमारे १२३ टक्के होता. भुकेने वर आलेल्या गळ्याच्या हाडांना लोक तेव्हाचे राष्ट्रप्रमुख जेरी रॉलिंग्ज यांच्यावरून ‘रॉलिंग्जची माळ’ म्हणत.

राखेखाली काय उरते

वणव्यानंतर शेत पूर्ण मेल्यासारखे दिसते, पण माती ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. गवत आणि पाचोळ्याची आग वेगाने पुढे सरकते. पृष्ठभागावर काहीशे अंश तापमान गेले तरी काही सेंटीमीटर खाली वाढ थोडीच असते. वनस्पतीच्या जिवंत पेशी साधारण ६० अंश सेल्सिअसला काही क्षणांतच मरतात, आणि तेवढे तापमान बहुतेक ठिकाणी ५ सेंटीमीटर खोलीपर्यंतही पोहोचत नाही. अपवाद जाड ओंडक्यांचा. पडलेला वृक्ष दिवसेंदिवस धुमसत राहिला तर त्याच्याखालची माती खोलवर भाजून निघते आणि विटकरी होते. त्या पट्ट्यात पुढे बराच काळ काही धड उगवत नाही. त्यामुळे एकाच शेतात चार हातांच्या अंतरावर दोन अगदी वेगळ्या परिस्थिती असू शकतात, आणि शेताची पाहणी करणाऱ्याने सरसकट अनुमान काढण्यापूर्वी खुरप्याने चार ठिकाणी उकरून पाहणे आवश्यक ठरते.

राखेचेही तसेच दुहेरी आहे. तिच्यातून पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि काही प्रमाणात स्फुरद पिकाला लगेच मिळते, आणि आम्लधर्मी उष्णकटिबंधीय मातीत ती चुन्यासारखे काम करून मुळांना घातक ठरणाऱ्या ॲल्युमिनियमचा जोर कमी करते. मात्र नत्र आणि गंधक यांचा मोठा हिस्सा धुरावाटे निघून गेलेला असतो. पहिला जोरदार पाऊस उघड्या जमिनीवर पडला, तर राखेतील विरघळणारा भाग आणि वरची भुसभुशीत माती उताराने वाहून जाते आणि उरलेल्या मातीवर पापुद्रा धरतो. म्हणून आगीनंतरच्या पहिल्या पिकाला मिळणारा लाभ हा खत म्हणून मोजण्यापेक्षा उसनवारी म्हणून मोजावा, असे माझे मत आहे; तो एका हंगामाचा असतो आणि त्याची परतफेड मातीच्या सेंद्रिय भागातून झालेली असते.

पीकवार स्थिती

प्लान्टेनचे खोड म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेली पानांची देठे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते सहसा पेट घेत नाही. पेटतात ती लोंबणारी वाळलेली पाने, आणि त्यांच्या आचेने हिरवी पानेही करपतात. आता यातला बारकावा असा की, घड बाहेर पडल्यावर केळीला नवीन पान येत नाही. वणव्याच्या वेळी घड लागलेला असेल आणि पाने करपली असतील, तर तो घड भरण्याची आशा संपली. तो कच्चाच वापरून खोड तोडणे शहाणपणाचे. घड लागण्यापूर्वीचे झाड असेल तर गाभ्यातून नवे पान निघू शकते, परंतु झालेल्या उशिराची किंमत बारीक घडाच्या रूपाने चुकवावी लागते. दोन्ही बाबतींत जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो आणि ओल मिळाली की त्याला मुनवे, म्हणजे बुडातून येणारी नवी रोपे, फुटतात. पण मुनव्यापासून घड हाती यायला वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. उपाशी कुटुंबासाठी प्लान्टेन जिवंत आहे ही बातमी चांगली असली तरी ती पुढच्या वर्षीची बातमी आहे.

कसाव्याचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. आगीत खोड जळते, पण कंद मातीत सुरक्षित राहतो आणि वणव्यानंतर दुसऱ्या दिवशीही खाण्याजोगा असतो. दुष्काळी भागात या पिकाला मान मिळतो तो यासाठीच. तरीही हा साठा स्थिर नसतो. जमिनीलगतच्या बुंध्याला ओल लागून नवे धुमारे फुटले की त्यांच्या वाढीसाठी कंदातील पिष्ट वर खेचले जाते. कंद पाणचट आणि तंतुमय होऊ लागतो. मग पाऊस टिकला तर पाने वाढतात आणि काही महिन्यांनी कंद पुन्हा भरतो. पाऊस खंडला तर धुमारे सुकतात, झाड पुन्हा फुटण्याचा प्रयत्न करते आणि प्रत्येक प्रयत्नात उरलेले पिष्ट खर्ची पडते. १९८३ च्या मोठ्या हंगामात पाऊस अपुरा राहिला, त्यामुळे आगीतून वाचलेल्या कसाव्यापुढे नेमकी हीच दुसरी परीक्षा उभी राहिली. कंद काढून ठेवावा म्हटले तर तो दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळा पडून नासतो. टिकवायचा असेल तर लगेच किसून, आंबवून, भाजून ‘गारी’ करावी लागते किंवा काप वाळवून त्यांचे ‘कोकोंते’ नावाचे पीठ करावे लागते. या कामाला माणसे, पाणी आणि सरपण लागते.

त्यात पिठ्या ढेकणाची भर होती. दक्षिण अमेरिकेतून १९७० च्या दशकात आफ्रिकेत आलेली ही कीड कसाव्याच्या शेंड्यातील रस शोषते आणि कोरड्या हवामानात तिची संख्या बेसुमार वाढते. आगीनंतर आलेले कोवळे धुमारे म्हणजे तिच्यासाठी आयते भक्ष्य. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने दक्षिण अमेरिकेतून आणलेली परोपजीवी गांधीलमाशी १९८१ पासून सोडायला सुरुवात केली होती आणि पुढे या किडीवर खंडभर नियंत्रण मिळाले. या कार्यासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९८३ च्या शेतकऱ्याला मात्र हा दिलासा अजून पुरता पोहोचलेला नव्हता.

कोकोयामने मला या सर्व पिकांत अधिक विचार करायला लावले. जंगल तोडून जाळलेल्या जमिनीत, कोणी लावलेले नसताना, कोकोयाम आपोआप उगवून येते हा घानातील वनपट्ट्यातला जुना अनुभव आहे. पूर्वीच्या लागवडीतले लहान गड्डे पडीक जमिनीत, सावलीखाली वर्षानुवर्षे सुप्त पडून राहतात आणि वरचा झाडोरा नाहीसा होऊन ऊन व पाऊस पोहोचताच फुटतात. म्हणजे हे पीक आगीनंतरच्या काळासाठी जणू राखून ठेवलेले असते. त्याची कोवळी पाने भाजी म्हणून खाता येतात आणि ती कंदाच्या फार आधी मिळतात. परंतु कोकोयामला ओलावा आणि थोडी सावली लागते. वणव्याने वरचे सर्व छत नेले असेल आणि पाऊस कमी असेल, तर उगवण झाली तरी पोसवण होत नाही.

याम हे कोनफळाच्या जातीचे पीक संक्रमणपट्ट्यात अधिक घेतले जाते, आणि वणव्याच्या महिन्यांत त्याचा मोठा भाग शेतात नसून लाकूड-पाल्याने बांधलेल्या साठवणीच्या मांडवात असतो. मांडव जळाला की खाण्याचे आणि लावण्याचे असे दोन्ही कंद एकदम जातात. लावून झालेल्या उंचवट्यांवर ओल टिकवण्यासाठी वाळक्या गवताची टोपी ठेवतात. तीही पेट घेते. वेल चढवायला राखलेली झाडे मेली, तर पुढच्या वर्षी आधार कशाचा, हा प्रश्न वेगळाच.

मक्याबद्दल थोडेच सांगावे लागते. वार्षिक पीक असल्याने जळालेला मका पुन्हा उभा राहत नाही, कणगीतला साठा जळाला की काहीच शिल्लक राहत नाही. पण बी आणि पाऊस असेल तर सुमारे १०० ते १२० दिवसांत दाणा तयार होतो आणि कोवळी कणसे त्याहूनही आधी खाता येतात. ज्याला जमिनीखाली काहीच राखता येत नाही, तेच पीक पुढे सर्वांत आधी देशाच्या मदतीला आले.

तेलताडाची कोंब फुटण्याची जागा माथ्यावर, झावळ्यांच्या बुंध्यांत दडलेली असते; झावळ्या जळाल्या तरी झाड बहुधा वाचते आणि लोकांना वाटते की त्याचे काही बिघडले नाही. प्रत्यक्षात फुलोरा नर होणार की मादी हे सुमारे दोन वर्षे आधी ठरत असते आणि ताणात नर फुलोऱ्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे फळांच्या घडांतील घट दोन वर्षांनी दिसते, आणि तोवर आगीची आठवण मागे पडलेली असल्याने दोष भलत्याच कारणाला दिला जातो.

कोकोची साल पातळ, मुळे उथळ आणि पायाशी पाचोळ्याचा जाड थर. खालून सरकणारी मंद आगही बुंध्याभोवतीची साल शिजवते आणि हिरवे दिसणारे झाड काही आठवड्यांत वाळते. काही झाडांना बुडातून धुमारे फुटतात आणि त्यातला एक जोमदार राखून झाड पुन्हा घडवता येते, पण त्याला दोन-तीन वर्षे लागतात आणि सावली लागते.

एकच साठा, दोन हक्कदार

वरील सर्व वर्णनावरून असे वाटेल की कंदपिके आगीला तोंड देण्यासाठीच घडलेली आहेत आणि पाऊस येताच शेत आपोआप सावरायला हवे होते. वनस्पतीच्या बाजूने पाहिले तर हे बरोबर आहे. पण शेतात वनस्पतीबरोबर माणूसही असतो, आणि १९८३ मध्ये तो उपाशी होता. जमिनीखाली वाचलेला गड्डा हा पुढच्या वर्षीच्या पिकाचा आधार होता आणि आजच्या दिवसाचा घासही तोच होता. यामचा लावणीसाठी राखलेला कंद, कोकोयामचे लहान गड्डे, मक्याचे बी, या प्रत्येकाची हीच गत आहे. लोक जंगलातील रानटी याम आणि इतर रानकंदांकडेही वळले, पण जंगलही जळालेले होते.

कसाव्याने ही कोंडी वेगळ्या रीतीने सोडवली असती. त्याचे बेणे खोडाचे असते, कंदाचे नसते. कंद खाऊन खोड लावता येते. साधारण २० ते २५ सेंटीमीटरचा तुकडा पुरतो, एक मीटर अंतराने लावले तर हेक्टरी १०,००० तुकडे लागतात. सामान्य वर्षात हा या पिकाचा मोठा गुण असतो. वणव्यात मात्र हाच गुण उलटा फिरतो, कारण आग कंद सोडते आणि खोड नेते. ज्याचे शेत जळाले त्याच्यापाशी अन्न होते, पण लावायला काड्या नव्हत्या. त्या मिळवायच्या तर आगीतून वाचलेल्या शेतातूनच, आणि अशी शेते ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला, विखुरलेली. कसाव्याच्या काड्या अवजड असतात, लवकर सुकतात आणि त्या दूरवर नेण्यासाठी इंधन व वाहन लागते, ज्यांचा तेव्हाच्या घानात तुटवडा होता. शिवाय मिळेल त्या काडीबरोबर मोझॅक हा विषाणूजन्य रोगही नव्या शेतात जातो. रोगाला तोंड देणाऱ्या सुधारित जाती घानात अधिकृतपणे प्रसारित झाल्या त्या १९९३ मध्ये, म्हणजे पूर्ण दहा वर्षांनी.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. वणव्यानंतर मदत म्हणून धान्य पाठवले जाते तेव्हा ते फक्त पोट भरण्यासाठी पाठवले आहे असे समजले जाते. वास्तविक पहिल्या दोन महिन्यांत पोहोचलेले प्रत्येक पोते जमिनीतील बेण्यावरचा एक हक्कदार कमी करते. तेच पोते सहा महिन्यांनी पोहोचले तर गड्डे केव्हाच उकरून खाल्लेले असतात आणि पाऊस कितीही चांगला पडला तरी लावायला काही नसते. मदतीचे वेळापत्रक बाजारभावावरून न ठरवता पिकाच्या फुटव्यावरून ठरवायला हवे.

१९८४ आणि त्यानंतर

१९८४ मध्ये पाऊस चांगला झाला. मक्याचे उत्पादन १९८३ च्या दुपटीहून अधिक झाले. राखेचा शिल्लक लाभ, आगीमुळे मोकळी झालेली जमीन, नायजेरियातून परतलेले हात, आणि भुकेच्या वर्षानंतर प्रत्येकाने शक्य तितके पेरण्याची घाई, ही सर्व कारणे एकत्र आली असावीत. महागाईचा दर १९८४ मध्ये सुमारे ४० टक्क्यांवर आणि १९८५ मध्ये सुमारे १० टक्क्यांवर आला. १९८३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या आर्थिक पुनर्रचना कार्यक्रमाला याचे श्रेय देण्याची पद्धत आहे आणि त्याचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण सामान्य कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा भाग सर्वांत मोठा असताना, दर इतक्या वेगाने खाली येण्यात शेतातील मक्याचा आणि कसाव्याचा वाटा मोठा होता हे मान्य करावे लागेल.

अन्नपिके अशी दोन हंगामांत सावरली. शेताची जुनी घडी मात्र सर्वत्र परत आली नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात साडेपाच लाख टनांपलीकडे गेलेले घानाचे कोको उत्पादन १९८३-८४ मध्ये १ लाख ६० हजार टनांच्याही खाली आले होते. ही घसरण वणव्यापूर्वीच सुरू झालेली होती. म्हाताऱ्या बागा आणि शेतकऱ्याला मिळणारा अपुरा भाव ही तिची जुनी कारणे. आगीने त्यावर शेवटचा घाव घातला. ब्रॉन्ग-आहाफो आणि अशांती प्रांताच्या कोरड्या कडेवरील अनेक शेतकऱ्यांनी जळालेल्या बागेत पुन्हा कोको लावण्याऐवजी मका आणि कसावा घेतला. कोकोच्या रोपाला प्लान्टेनची सावली हवी, प्लान्टेनला मुनवे हवेत, मुनव्यांना वर्षभराचा ओलावा हवा, आणि या साखळीतील एकही कडी १९८३ मध्ये हाताशी नव्हती. मका चार महिन्यांत पैसे देत होता. कोकोचा मुख्य पट्टा पश्चिम प्रांतातील अधिक पावसाच्या जंगलाकडे सरकला आणि देशाचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरीस ३ लाख टनांच्या आसपास आले, ते बरेचसे तिकडच्या नव्या बागांमुळे.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर रानमोडी पसरली. घानात या तणाला १९७० च्या दशकातील लष्करी राज्यकर्त्यावरून ‘अचेआंपोंग’ म्हणतात. वाऱ्यावर उडणारे बी, बुडातून पुन्हा फुटणारे झुडूप आणि कोरड्या महिन्यांत काडेपेटीसारखी पेटणारी वाळकी खोडे यांमुळे ती आगीतून वाढते आणि आगीला वाढवते. तिची दुसरी बाजूही नोंदवणे न्यायाचे होईल. रानमोडीची पडीक जमीन दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी सुधारते, ती गवताला दाबते आणि तोडायला सोपी असते, म्हणून अन्नपिके घेणारे कित्येक शेतकरी तिला चांगली पडीक मानतात. खरा धोका आहे तो गिनी गवताचा. वणवा दर दोन-तीन वर्षांनी येत राहिला तर झुडपेही मागे पडतात आणि गवत जमिनीचा ताबा घेते. अशा जमिनीत कोकोयाम आपोआप उगवत नाही, कारण सुप्त गड्डे राखणारी सावलीच शिल्लक नसते.

शासनाने १९८३ मध्येच वणवे नियंत्रणाचा कायदा केला आणि १९९० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. शेत साफ करण्यासाठी आग लावण्यावर निर्बंध, गावपातळीवरील अग्निशमन पथके आणि शेताभोवती जाळरेषा (आग अडवण्यासाठी साफ केलेला मोकळा पट्टा) काढणे, हा भर योग्यच आहे. पण कायद्याची दृष्टी आग लागू नये यावर आहे आणि आग लागून गेल्यावर बेणे कुठून येणार, याकडे नाही. ओढ्याकाठच्या ओलसर जागी गावाच्या मालकीचा अर्धा-एक हेक्टर कसावा आणि प्लान्टेन केवळ काड्या व मुनव्यांसाठी राखणे, त्याभोवती दर हरमॅटनपूर्वी जाळरेषा स्वच्छ करणे, आणि यामचे लावणीचे कंद खाण्याच्या कंदांपासून वेगळ्या मांडवात ठेवणे, ही कामे कोणत्याही मोठ्या निधीशिवाय होऊ शकतात. ती वणव्यापूर्वी करायची असतात. राख गार झाल्यावर त्यांची सुरुवात केली, तर पुढच्या लावणीचा हंगाम त्यांच्यासाठी थांबत नाही.